बावीस मिलिमीटर

उजव्या हाताला कंप सुटल्यापासून माझ्या लघुरेल्वेचे रूळ बसविण्याचे काम मी भाचीच्या हवाली केले आहे, आणि ती ते माझ्याहून अधिक अचूक करते हे उघड झाल्यावर, इतकी वर्षे आपण नेमके कशाच्या मागे लागलो होतो याचा हिशेब मांडणे मला भाग पडले. राहतो अलिबागेस. पेणहून थळच्या खत-कारखान्यापर्यंत मालगाडीचा मार्ग आलेला आहे. उतारूंची गाडी मात्र अद्याप यावयाचीच आहे, आणि तिच्या मागणीचे अर्ज सरकारदरबारी पिवळे पडत आहेत. गावाला गाडी नाही आणि ह्याच्या माडीवर मात्र अख्खे कोलाड स्थानक, हे पाहून येणारे-जाणारे हसतात. त्यांच्या हसण्याचे मला काही वाटत नाही. वाटते ते मापाचे.

एका फुटाला चार मिलिमीटर ह्या प्रमाणाने मी काम करतो. आपला लोहमार्ग साडेपाच फुटी, तेव्हा माझ्या रुळांत बरोबर बावीस मिलिमीटर अंतर हवे; बाजारात तयार मिळतो तो साडेसोळाचा. पाव हिस्सा कमी. उतारूंच्या गाडीत ही तूट एक वेळ खपून जाते, कारण पाहणाऱ्याची दृष्टी खिडक्यांवर असते. परंतु २६ जानेवारी १९९९ पासून मालाने भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्यातील वेर्ण्यास नेण्याची जी सोय कोकण रेल्वेने सुरू केली, तीच माझ्या माडीवर उभी करावयाची असल्यामुळे मला पळवाट उरली नाही. वाघीण, तीवर ट्रक, ट्रकावर ताडपत्रीने बांधलेला माल, आणि ह्या साऱ्या उंचीखाली साडेसोळाचा रूळ, म्हणजे डोक्यावर भाताचा भारा घेऊन पाय जुळवून उभा राहिलेला माणूस. तो पडत नाही, पण पाहणाऱ्याला स्वस्थताही लाभू देत नाही.

ह्या दुखण्याला जगात सोबती आहेत ते आयर्लंडात. तेथील मार्ग पाच फूट तीन इंचांचा, म्हणून तेथील छंदिष्टांना एकवीस मिलिमीटर हवेत, आणि दुकानात त्यांनाही तोच साडेसोळाचा रूळ पुढे केला जातो. त्या देशात आरंभी प्रत्येक कंपनीचा कारभार आपापल्या मापाने चालला होता: १८३४ साली सुरू झालेला डब्लिन-किंग्जटाउन मार्ग चार फूट साडेआठ इंचांचा, बेलफास्टकडील अल्स्टर रेल्वे सहा फूट दोन इंचांची, आणि डब्लिन-ड्रोहेडा पाच फूट दोन इंचांचा. तंटा विकोपास गेला तेव्हा जनरल पास्ली ह्यांच्याकडे निवाडा आला. त्यांनी अभियंत्यांना विचारले, कोणी पाच फूट म्हणाले, कोणी साडेपाच, आणि जनरलसाहेबांनी सरळ मध्य काढला. १८४६ साली त्याचा कायदा झाला. आपल्याकडेही मसलत फारशी निराळी नव्हती: साहेबांच्या देशातले चार फूट साडेआठ इंच एका बाजूस, लॉर्ड डलहौसींचा सहा फुटांचा आग्रह दुसऱ्या बाजूस, आणि अभियंते सिम्स ह्यांनी सुचविलेले साडेपाच फूट मधोमध. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली ती ह्याच मापावर. मध्यममार्ग काढणाऱ्या मुत्सद्द्यांनी दोन्ही देशांची सोय पाहिली असेल. माडीवरच्या कारागिराचा विचार करण्याचे त्यांना कारण नव्हते. आयर्लंडातल्या हट्टी मंडळींपैकी काही जण एकवीसचा रूळ हातानेच बसवितात, हे वाचल्यापासून त्या अनोळखी माणसांविषयी मला भावकीसारखी माया वाटते.

आमच्या जिल्ह्यात मात्र ज्याला त्याला माथेरान करावयाचे असते. आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून उभी राहून १९०७ साली सुरू झालेली ती दोन फुटी गाडी, विसाला एक असा तिचा चढ, घाटातली वळणे, हे सगळे देखणे आहे याबद्दल वाद नाही. पण आमच्या प्रमाणात दोन फूट म्हणजे आठ मिलिमीटर, आणि नऊचा रूळ दुकानात तयार मिळतो! एका मिलिमीटरच्या तफावतीवर ज्यांना घाट, धुके आणि शाबासकी एवढे सर्व मिळून जाते, त्यांच्याशी मी वरकरणी गोड बोलतो. पुण्यात भाऊ जोशींनी १९९८ साली लघुरेल्वेचे संग्रहालय उघडले. ते पाहून परतताना मी बरोबरच्यांना ‘गाड्या परदेशी वळणाच्या आहेत’ एवढेच म्हणालो. एका माणसाने आयुष्य वेचून शेकडो मुलांना जे दाखविले, त्याचे वर्णन करताना माझ्या तोंडी एवढेच यावे, यात कोणता जिन्नस किती होता हे मला ठाऊक आहे. आणि हल्लीचे नवे छंदिष्ट तर कानस हातात धरावयासही तयार नसतात. खोका उघडला, गाडी रुळावर ठेवली, कौतुक संपले.

बावीसचा रूळ करावयाचा म्हणजे तांब्याचा पत्रा चिकटविलेल्या फायबरच्या पट्ट्या कापून त्यांचे स्लीपर करणे, मधोमध तांबे खरवडून वीज तोडणे, आणि मग प्रत्येकावर रूळ ठेवून डाख देणे. पूर्वी मी सागाचे स्लीपर करीत असे. लाकूड आपल्या लांबीत फारसे फुगत नाही, त्यामुळे माप टिकते. पण बैठकीची फळी आषाढात अशी काही उचलली जाते की रूळ नागमोडी होतात, आणि खाऱ्या हवेने पोलादी रुळावर रातोरात तांबेरा धरतो. म्हणून फायबर, म्हणून निकेल-सिल्व्हरचा रूळ. एवढे करूनही सांध्यापाशी सत्य डगमगतेच. खऱ्या मार्गावर चाकाच्या कडेला जावयास जी फट असते ती सुमारे ४४ मिलिमीटर, म्हणजे आमच्या हिशेबी अर्ध्या मिलिमीटरला थोडी वर; विकतच्या चाकांची कड जाड, तिला त्याच्या दुप्पट वाट लागते, आणि वाट रुंदावली की क्रॉसिंगच्या टोकाशी चाक खाली बसून डबा हिसका खातो. बावीस पाळा आणि फट खोटी ठेवा, की चाके लेथवर चढवून कड उतरवा, ह्या पेचात माझ्या किती संध्याकाळी गेल्या ते आमच्या घरातील मंडळींना विचारावे. मी कड उतरविण्याच्या पक्षाचा होतो. हात थरथरू लागल्यावर लेथ बंद झाला.

भाचीने यंत्रावर स्लीपर छापून काढले. कोकण रेल्वेचा स्लीपर काँक्रीटचा, मध्ये बसका, दोन्ही टोकांस जाड. माझी फायबरची पट्टी सपाट, करड्या रंगाने फसविलेली. तिच्या स्लीपरला तो उतार आहे, रूळ धरणाऱ्या कळा आहेत, आणि अंतर बावीस. “मामा, आता डाखाची भानगड नाही,” ती म्हणाली, आणि लगोलग दुसरा प्रश्न टाकला: “पण मामा, वळणाचं काय?”

वळणाचे काय! कोकण रेल्वे ताशी १६० किलोमीटर वेगाच्या हिशेबाने आखलेली, तिचे तीव्रातले तीव्र वळण १२५० मीटर त्रिज्येचे. माझ्या प्रमाणात ती त्रिज्या सोळा मीटरांच्या वर जाते. त्यासाठी माडी सोडून वाडीतील नारळी तोडाव्या लागतील. माझे वळण चार फूट त्रिज्येचे आहे, म्हणजे सत्याच्या तेराव्या हिश्श्याएवढे, आणि त्याची मला कधी खंत वाटली नाही. कारण पाहुणा पट्टी लावतो ती रुळांच्या मध्ये, वळणाला पट्टी लावणारा अद्याप माझ्या माडीवर चढलेला नाही. बावीस मिलिमीटर हे माझे व्रत नव्हते, पाहुण्यांसमोर मिरविण्याची ती पदवी होती, आणि खोटे सांगत नाही, आजही कोणी पट्टी काढली की मला बरे वाटते. भाचीला मी एवढेच सांगितले, की स्लीपर तुझे राहू देत, पण कोलाडच्या मालधक्क्यापाशी एक तुकडा माझ्या हातचा तसाच ठेव. तिने तो ठेवला आहे, आणि गाडी त्यावरून जाताना खडखडते.

काम अडले आहे ते ट्रक चढविण्याच्या उतारापाशी. मार्गाचे विद्युतीकरण होण्यापूर्वीची, डोक्यावर तारा नसलेली, कोलाड स्थानकाची छायाचित्रे रोहे-माणगाव भागात ज्यांच्या संग्रही असतील, त्यांनी ती कृपया दाखवावीत. मात्र चित्रात एखादा ट्रक किंवा उभा माणूस अवश्य असावा, नाही तर माप काढता येत नाही.