रेडिओ, तीन दिवे आणि माझं एक मत

मंडळी, पोस्ट लांबली आहे, पण आपल्या भागातल्या बऱ्याच जणांच्या उपयोगाची आहे म्हणून लिहितोय. सुरुवात कबुलीपासून करतो. या फेब्रुवारीत मी बायकोच्या गाडीच्या डॅशबोर्डवर काळी चिकटपट्टी लावली. मागे पेटलेला दिवा दिसू नये म्हणून.

झालं असं. बायको वूस्टरच्या एका हॉस्पिटलमध्ये नाइट शिफ्ट करते. जाता-येता रूट ९. फोन गाडीत हातात घ्यायचा नाही हा तिचा नियम, आणि एफएमवरच्या जाहिरातींचा तिला वैताग. विविध भारतीवर वाढलेली बाई, कुणीतरी बोलत असलेलं तिला लागतं. म्हणून पन्नासाव्या वाढदिवसाला मी तिला सॅटेलाइट रेडिओ दिला. तिची गाडी सगळ्यात खालच्या मॉडेलची, त्यात कंपनीचा सॅटेलाइट रेडिओ नव्हता. मग बाहेरून बसवायचा ठरवला.

इथे नवीन आलेल्यांसाठी: हा प्रकार अमेरिकेत २००१ पासून आहे. आधी एक्सएम आली, मग सिरियस, आणि २००८ मध्ये दोन्ही एक झाल्या. सिग्नल थेट उपग्रहावरून येतो, त्यामुळे व्हरमाँटच्या डोंगरातही स्टेशन सहसा जात नाही. त्यासाठी गाडीच्या टपावर काडेपेटीएवढा चुंबकवाला अँटेना बसवतात, त्याची बारीक वायर दाराच्या रबराखालून आत घेतात आणि विंडशील्डच्या कडेच्या खांबाजवळून डॅशबोर्डपर्यंत आणतात. यंत्राला १२ व्होल्टची वीज लागते. काम एवढंच. एका स्ट्रिप मॉलमधल्या कार-ऑडिओच्या दुकानात पोरानं पाऊण तासात करून दिलं. ऐंशी डॉलर. बायको खूश, मीही खूश.

तिसऱ्या दिवशी एअरबॅगचा दिवा लागला.

मी काय म्हणालो असेन? "अगं, रेडिओ बसवलाय ना, त्याचं काहीतरी असेल. चालतंय." ऑनलाइन मागवलेलं पंचवीस डॉलरचं स्कॅनर घरी होतं, ते लावलं. त्यात एकही कोड नाही. बघ, काही नाहीये, असं मी तिला दाखवलंसुद्धा. आठवड्याभराने एबीएसचा दिवा लागला, आणि त्याच्या जोडीला ट्रॅक्शन कंट्रोलचा. आता तीन झाले. मी परत तेच: "रेडिओचंच असणार." रात्री गाडी चालवताना ते लाल-पिवळे दिवे डोळ्यांत येतात असं ती म्हणाली, तेव्हा मी पट्टी लावली. इंजिनिअर माणूस. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये बग शोधून पोट भरतोय.

मग बर्फ पडला. सकाळी सव्वासातला घरी येताना रूट ९ च्या एका सिग्नलला तिने ब्रेक दाबला आणि गाडी थांबेना. एबीएस असलं की पायाखाली जी थरथर लागते ती लागली नाही. चाकं लॉक झाली आणि गाडी सरळ घसरत जाऊन कडेच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात शिरली. पुढे कुणी नव्हतं. तिला काही झालं नाही, गाडीलाही फारसं नाही. घरी येऊन तिने कोट काढला, चहा टाकला आणि म्हणाली, "अरे, रेडिओ मात्र मस्त चालू होता." बाकी काही बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी गाडी डीलरकडे नेली. गाडी दोन वर्षांची, ३६ हजार मैलांच्या वॉरंटीत. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने टपावरचा अँटेना पाहिला आणि तिथेच निकाल दिला: बाहेरचं इलेक्ट्रॉनिक्स बसवलंय, इलेक्ट्रिकलची वॉरंटी गेली. तपासणीचे १९५ डॉलर, दुरुस्तीचे वेगळे. गाडी अजून उचललीसुद्धा नव्हती. आणि मंडळी, मी कार्ड बाहेर काढलं होतं. आपल्या लोकांचं एक आहे. व्हिसाच्या फॉर्मची ओळ न् ओळ वाचतो, वॉरंटीचं पुस्तक ग्लव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकसकट पडलेलं असतं. समोरचा खात्रीने बोलला की आपण मान खाली घालून पैसे देतो. वर चूक आपलीच असेल ही टोचणी असतेच. माझी तर होतीच, अर्धी.

शेजारी रांगेत एक बाई उभ्या होत्या, सत्तरीच्या असतील. त्या हळूच म्हणाल्या, कोणत्या भागाने काय बिघडवलं ते त्यांच्याकडून लिहून घे. एवढंच. मी तसं विचारलं. अ‍ॅडव्हायझर म्हणाला, तसं लिहून देत नाही आम्ही. मी कार्ड परत खिशात घातलं.

घरी येऊन वाचलं. १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. आमचाच पार्ट वापरा, आमच्याकडेच काम करा, नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट कंपनीला घालता येत नाही. बाहेरच्या वस्तूमुळे बिघाड झाला असेल तर तेवढ्या बिघाडाला कंपनी नाही म्हणू शकते, पण तो त्या वस्तूमुळेच झाला हे तिला दाखवावं लागतं. अशी बेकायदा भाषा वापरल्याबद्दल २०१८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं पाठवली होती. कायदा माझ्याइतकाच जुना, आणि मला पन्नाशीत कळला.

पण कायदा कळून दिवे विझत नाहीत. एका मित्राने फ्रेमिंगहॅमचा एक ब्राझिलियन मेकॅनिक सांगितला. छोटं गॅरेज, दोनच लिफ्ट, भिंतीवर फुटबॉलचं कॅलेंडर. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी दोन वेगळ्या दिशांनी आलेलं, पण गाडीबद्दल बोलताना अडलं नाही. माझं स्कॅनर बघून तो हसला. म्हणाला, हे फक्त 'पी' वाचतं.

हे मला खरंच माहीत नव्हतं. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला स्टिअरिंगखाली एक ठराविक पोर्ट असतो. त्यातून इंजिन आणि धुराशी संबंधित 'पी' कोड कुठलंही स्वस्त यंत्र वाचतं, कारण प्रदूषणाच्या नियमासाठी ते सगळ्यांना सारखे ठेवलेत. एअरबॅगचे कोड 'बी' गटातले, ब्रेकचे 'सी' गटातले. ते वाचायला भारीतलं यंत्र लागतं किंवा त्या कंपनीचं सॉफ्टवेअर. म्हणजे "काही नाहीये" असं मी बायकोला दाखवलं, तेव्हा ते यंत्र त्या खोलीत डोकावलंच नव्हतं.

त्याने कंपनीच्या सॉफ्टवेअरचा एका दिवसाचा पास विकत घेतला आणि लॅपटॉप जोडला. एअरबॅगचा कोड होता वीज कमी पडते असा. फ्यूज बॉक्स उघडला तर दुकानातल्या पोराने रेडिओची वीज चक्क एअरबॅगच्या फ्यूजवरून घेतलेली. फ्यूजच्या जागी बसवून त्यातून दुसरी वायर काढायचा एक टॅप मिळतो, तो तिथे खुपसलेला, आणि सैल. एअरबॅगचा कंप्यूटर वीज सतत मोजत असतो. त्यात गडबड दिसली की तो दिवा लावतो, आणि अशा वेळी धडक झाली तर पिशवी फुगेलच याची खात्री राहत नाही. मग त्याने विंडशील्डच्या कडेच्या खांबावरचं प्लास्टिक काढलं आणि मला जवळ बोलावलं. आत डोक्याला वाचवणारी पडद्यासारखी एअरबॅग गुंडाळून ठेवलेली असते. अँटेनाची वायर तिच्या वरून आडवी नेली होती. ती पिशवीच्या मागून न्यायची आणि बांधून टाकायची, म्हणजे फुगताना आड येत नाही. ऐंशी डॉलरच्या कामात हे कुणी शिकवलेलं नसावं. त्या पोराचा मला राग आला, पण मी तरी कुठे विचारलं होतं?

एबीएसचा कोड मात्र वेगळाच निघाला. मागच्या उजव्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर. तिला धरून ठेवणारी क्लिप निसटलेली, वायर चाकाला घासून घासून आतली तार तुटलेली. रेडिओपासून दहा फूट लांब. मेकॅनिकने बोटाने दाखवलं: टॅप दुकानाचा, ही क्लिप कंपनीची. तिसरं बोट माझ्याकडे करायला हवं होतं, पण तो सभ्य माणूस. पट्टी त्याला दिसली होती.

आता मताची गोष्ट. तो लॅपटॉप बंद करता करता सहज म्हणाला, हे सॉफ्टवेअर मला मिळतं ते २०१२ मध्ये तुम्ही लोकांनी मत दिलं म्हणून. डीलरला जी दुरुस्तीची माहिती मिळते ती योग्य दरात बाहेरच्या गॅरेजलाही द्यायची, असं मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी तेव्हा ठरवलं, आणि मग कंपन्यांनी ते देशभर मान्य केलं. मग त्याने विचारलं, तुम्हाला कंपनीचा ईमेल नव्हता का आला? बायकोने फोन पाहिला. आला होता. एअरबॅगचा दिवा लागला त्याच दिवशी: "तुमच्या गाडीला सर्व्हिसची गरज आहे," आणि खाली एकच बटण, डीलरची अपॉइंटमेंट. म्हणजे गाडीने कंपनीला वायरलेसवरून पहिल्याच दिवशी कळवलं होतं. मेकॅनिकला कळायला एक महिना आणि एक बर्फाचा ढिगारा लागला.

हीच वायरलेस माहिती गाडीच्या मालकाला आणि त्याच्या पसंतीच्या गॅरेजला मिळावी, हा २०२० च्या बॅलटवरचा प्रश्न क्रमांक १ होता. ते माझं या देशातलं पहिलं मत. डायनिंग टेबलावर बसून, पोस्टाने आलेल्या बॅलटवर गोल भरला. आणि मी 'नाही' भरला.

का? टीव्हीवर एक जाहिरात लागायची, आठवत असेल. रिकामं पार्किंग गॅरेज, गाडीकडे निघालेली एकटी बाई, तिच्या मागावर कुणीतरी. हा प्रश्न पास झाला तर तुमची माहिती भलत्याच्या हातात जाईल, असा सूर. माझ्या डोळ्यांपुढे बायकोची नाइट शिफ्ट आणि हॉस्पिटलचं गॅरेज आलं. विचार संपला. माहितीच्या सुरक्षिततेचा प्रश्न खोटा नाही, आजही मी तसं म्हणणार नाही. पण माहिती तेव्हाही गाडीतून बाहेर जात होती, फक्त कुणाकडे जायची ते कंपनी ठरवत होती, हे मी पाहिलंच नाही. तिच्या काळजीपोटी दिलेलं मत तिच्याच गाडीविरुद्ध गेलं.

माझ्या 'नाही'ने काही अडलं नाही, सुमारे ७५ टक्क्यांनी प्रश्न पास झाला. २०२२ च्या मॉडेलपासून लागू व्हायचा होता. कंपन्यांची संघटना निकालानंतर त्याच महिन्यात कोर्टात गेली. काही कंपन्यांनी मॅसॅच्युसेट्सपुरती ती वायरलेस सोयच बंद केली. जून २०२३ मध्ये केंद्राच्या रस्ता-सुरक्षा खात्याने कंपन्यांना पत्र पाठवलं की हा कायदा पाळू नका, आणि ऑगस्टमध्ये सूर बदलून ब्लूटूथसारखा जवळचा मार्ग चालेल म्हणून सांगितलं. कंपन्यांचा दावा फेडरल कोर्टाने फेटाळला तो फेब्रुवारी २०२५ मध्ये. चार वर्षांहून जास्त. एवढ्या वेळात कितीतरी गाड्यांच्या वॉरंट्या संपल्या.

डीलरचं काय झालं? मी ईमेल लिहिला. मेकॅनिकचा रिपोर्ट, तुटलेल्या वायरचा फोटो, आणि एक प्रश्न: टपावरच्या रेडिओमुळे मागच्या चाकाची क्लिप कशी निसटली ते लेखी कळवा. तिसऱ्या दिवशी फोन आला, गाडी घेऊन या. सेन्सर वॉरंटीत बदलून दिला. सॉरी कुणी म्हणालं नाही. एअरबॅगचा खर्च मी मागितला नाही, तो माझ्याकडेच होता. मेकॅनिकला २६० डॉलर दिले. वायर पिशवीच्या मागून गेली, टॅप निघाला, रेडिओ आता सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालतो. दिसायला गबाळं आहे. बायको म्हणते, दिसू दे.

पट्टीही काढली. खालचा गोंद अजून पूर्ण निघालेला नाही.

मेकॅनिकचं नाव इथे लिहीत नाही, त्याच्याकडे आधीच दोन आठवड्यांचं वेटिंग आहे. हवं असेल त्यांनी इनबॉक्समध्ये विचारा. डीलरला पाठवलेला ईमेलही तिथेच देतो, फक्त गाडीचं मॉडेल आणि तारीख बदला.