पुराव्यानंतरचं काम

संशोधनाने एखादी गोष्ट सिद्ध केली की सरकार ती आपणहून उचलेल, असा भाबडा विश्वास अनेक अभ्यासक बाळगतात. पण अहवाल आणि शाळेतला तास यांच्यामध्ये वेळापत्रक, बदल्या, मंजुऱ्या असतात. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लाइनाथन यांनी 2003 साली एमआयटीत सुरू केलेल्या, आज जे-पाल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेत म्हणूनच धोरणाचं काम पाहणारी माणसं असतात. त्यांना नुसते निरोपे समजणं चूक आहे. पुरावा कुणाच्या कामी येणार की नाही, हे पुष्कळदा त्यांच्याच हातात असतं.

याच प्रयोगशाळेच्या संशोधकांनी तपासलेल्या ‘बालसखी’ उपक्रमाचा प्रवास पाहा. या शतकाच्या आरंभी मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ संस्थेने वस्तीतल्याच तरुणींना मागे पडलेल्या मुलांना शिकवायला नेमलं आणि चाचण्यांतले गुण वाढले. पुढे बिहारमध्ये हीच पद्धत सरकारी शिक्षकांकडे गेली. उन्हाळी शिबिरांत त्यांनी ती यशस्वी केली. शाळा सुरू असताना मात्र नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन काही साधलं नाही. हरियाणात रोजचा तास राखून ठेवला, मुलांचे गट इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे केले, पर्यवेक्षकांना जबाबदारी दिली. तेव्हा सरकारी शाळांतच वाचन सुधारलं. म्हणजे यश पद्धतीइतकंच तिच्या मांडणीचं होतं, आणि ती मांडणी सरकारी खात्यासोबत बसूनच होते.

यावर कुणी म्हणेल, वडोदऱ्याचा निष्कर्ष नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याला कसा लागू पडेल? तो जसाच्या तसा पडणार नाहीच. सुरगाणा-पेठमधल्या अनेक मुलांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून वेगळी आहे, आणि द्राक्षाच्या हंगामात कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जातात. पण पुस्तक मुलाच्या पुढे धावतं, हे मूळ कारण इथंही आहे. कारण तेच ठेवून तासाची वेळ, भाषा आणि शिबिराचा महिना बदलायचा असतो. त्यासाठी शाळांच्या केंद्रप्रमुखाचं ऐकावं लागतं; त्याच्या अनुभवाला पुराव्याचा दर्जा द्यावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कुणाला मदत द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवणारे असे प्रयोग छोट्या प्रश्नांपुरतेच चालतात. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने कांद्याची निर्यात थांबवली, तेव्हा लासलगावच्या कांदा बाजाराला बसलेला फटका अशा कुठल्या प्रयोगाने मोजता आला असता? हे खरं आहे. अशा वेळी बाजारभाव, आवक आणि शेतकऱ्याचा खर्च यांचाच हिशेब लागतो, आणि निर्णयाची जबाबदारी निवडून आलेल्यांचीच राहते. आपलं साधन इथं अपुरं आहे, हे मंत्रालयात स्पष्ट सांगणं हाही धोरण-सल्लागाराच्या कामाचाच भाग आहे. तेवढा प्रामाणिकपणा असेल तरच त्याच्या बाकीच्या सल्ल्याला किंमत राहते. अहवाल छापला की काम संपलं, असं मानणाऱ्या संस्थेने गरिबांच्या नावाने संशोधन करू नये.