बळदातली जागा

एली विझेल यांच्या ‘नाइट’ या आत्मकथनात जेमतेम दीड-दोन पानांचा एक प्रसंग येतो. जानेवारी १९४५. रशियन फौजा जवळ आल्यामुळे बुना छावणीतील कैद्यांना बर्फातून रात्रभर पळवत नेले जाते. मुक्कामाच्या जागी एलियाहू नावाचे वृद्ध रब्बी आपल्या मुलाला शोधत फिरत असतात. छावण्यांमागून छावण्या या बापलेकांनी एकत्र सोसलेल्या. मी त्याला पाहिले नाही, असे निवेदक त्यांना सांगतो. ते गेल्यावर त्याला आठवते, की तो मुलगा धावताना आपल्या शेजारीच होता. बाप मागे पडतो आहे हे त्याने पाहिले होते, आणि तरीही तो अंतर वाढू देत होता. ज्या देवावरचा विश्वास उडालेला आहे त्याच देवाकडे सोळा वर्षांचा निवेदक त्या क्षणी मागणे मागतो, की या मुलाने केले ते माझ्या हातून न घडो.

हा प्रसंग बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला मी अनेक वर्षे शिकवला. श्रद्धेचा प्रश्न आणि कुटुंबाचा प्रश्न येथे एकाच बिंदूवर येऊन मिळतात, हे विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घेतले आणि परीक्षेत लिहिलेही. शिकवताना दर वेळी मला आमच्या घरातले बळद आठवे. ते मात्र मी वर्गात कधी सांगितले नाही.

माळवदाची घरे आता आमच्याकडेही विरळ झाल्याने थोडे सांगायला हवे. रुंद भिंतींच्या पोटात धान्य साठवायची कोठी सोडलेली असे, ती बळद. वरून धान्य ओतायचे, खालच्या लहान तोंडातून काढायचे. १९७२ च्या दुष्काळात आमचे बळद तळापर्यंत रिकामे झाले आणि ते झाडून काढायला मला आत उतरवले. पोरवयातल्या गमतीने मी आतून ओरडून विचारले, “आजी, यात माणसं किती मावतील?” ती वरून म्हणाली, “दोन मावली. तिसरं मावलं नसतं.”

एवढेच. पुढे तुकड्यातुकड्यांनी कळले ते असे : पितरपाटाचे दिवस, पोलीस ॲक्शन नुकतीच झालेली. घरोघर बांगड्या भरायला येणारी एक मन्यारीण रात्री मागच्या दाराने आली. तिला आणि तिच्या तान्ह्या मुलाला आजीने चार रात्री बळदात ठेवले. नंतर ती हैदराबादच्या वाटेने गेली. घरात याचा उच्चार अभिमानानेच होई; पण तो करणारे आजोबा आणि काका. आजी नव्हे.

हैदराबाद संस्थानावरील लष्करी कारवाई १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ तारखेला संपली. त्याआधी रझाकारांच्या अत्याचारांनी आमच्या भागातील कितीतरी हिंदू कुटुंबे नगर-सोलापूरच्या हद्दीत पळाली होती. ते सारे मराठीत लिहिले गेले आहे, आणि लिहिले जायलाच हवे होते. त्यानंतर मुसलमानांवर जे गुदरले त्याची पाहणी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने केली. संस्थानात एकूण २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५ हजार. अहवाल कित्येक दशके दप्तरात पडून राहिला. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना स्वतःचे प्राण गमावूनही वाचवले, अशी नोंद त्याच अहवालात आहे.

साठ लाख ज्यूंच्या नियोजित संहाराशी १९४८ ची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. एका शासनाने रेल्वेची वेळापत्रके आखून चालवलेला वंशसंहार आणि सत्तांतराच्या पोकळीत झालेली कत्तल यांची जात वेगळी. माझा प्रश्न वाचनाचा आहे. परक्या भाषेतल्या त्या साक्षींनी मला घरातले एक वाक्य वाचायला शिकवले. (‘वाचणे’ या एकाच क्रियापदात जीव वाचणे आणि अक्षर वाचणे मराठीने का ठेवले असावे, याचे उत्तर व्युत्पत्तिकोशात शोधून माझे समाधान झालेले नाही.)

ते वाक्य पुन्हा पाहावे. ‘दोन मावली’ हा भूतकाळ आहे, घडलेली गोष्ट. ‘तिसरं मावलं नसतं’ हा संकेतार्थ. मी तिसऱ्याविषयी विचारलेच नव्हते. शिवाय ‘तिसरं’ हे नपुंसकलिंग. पुरुष, बाई, पोर, म्हातारा यांतले काहीही त्यात दडू शकते, आणि माझ्या मते ते दडवण्यासाठीच तेथे आहे. मन्यारणीबरोबर त्या रात्री दाराशी कोण होते? सासरा? थोरली मुलगी? आजी गेली तोवर मी हे विचारले नाही. तेव्हा मला वाक्य कळले नव्हते, असे म्हणणे सोयीचे आहे. थोडे कळले होते.

प्रीमो लेव्ही यांनी ‘इफ धिस इज अ मॅन’ (१९४७) मध्ये कून नावाच्या वृद्धाचे चित्र काढले आहे. निवड होऊन गेली आहे. आपण गॅसकोठडीच्या यादीत नाही म्हणून कून डोलत मोठ्याने देवाचे आभार मानतो आहे. शेजारच्या फळीवर वीस वर्षांचा बेप्पो पडून आहे. परवा आपण जाणार हे त्याला ठाऊक आहे. लेव्ही म्हणतात, की मी देव असतो तर ही प्रार्थना झिडकारली असती. लेव्ही नास्तिक, विझेल हसिदी श्रद्धेत वाढलेले. दोघांच्या कथनांत पुष्कळ अंतर आहे. तरी ‘देवाने मला वाचवले’ या विधानात कुणीतरी गाळलेले असते, याची बोच दोघांनाही आहे. विद्यार्थी विझेलमध्ये श्रद्धेचा नाश शोधतात आणि लेव्हींमध्ये तिचा अभाव. मला ती वर्गवारी फारशी उपयोगाची वाटत नाही.

याउलट कोरी टेन बूम यांचे ‘द हायडिंग प्लेस’ (१९७१). हार्लेममधील या घड्याळजी कुटुंबाने खोट्या भिंतीमागे ज्यूंना लपवले. फेब्रुवारी १९४४ मध्ये धाड पडली तेव्हा भिंतीआडची माणसे सापडली नाहीत, पण वडील तुरुंगात आणि बहीण बेट्सी राव्हेन्सब्रुकमध्ये गेली. श्रद्धा शेवटपर्यंत अभंग. या पुस्तकातही नकाराचा एक प्रसंग आहे. ज्यू आई आणि तिचे तान्हे मूल यांना आसरा देण्याची विनंती एका धर्मोपदेशकाला केली जाते. बाळाकडे पाहून तो क्षणभर द्रवतो, आणि नाही म्हणतो. कोरीचे वडील त्या बाळाला कुशीत घेतात. प्रसंग खराच असेल. लेखिकेच्या धैर्याविषयी शंका घेण्याची माझी पात्रता नाही. परंतु तारणहाराच्या आत्मकथनात नकार दुसऱ्याच्या वाट्याला जातो, ही त्या प्रकाराची गरज असावी. आमच्या घरात आजोबा जी गोष्ट सांगत तिचा घाट नेमका हाच होता. शेजारच्या वाड्याने दार उघडले नाही, आपण उघडले. गावातले लोक म्हणत, “देवानं वाचवलं तिला, तुमच्या हातून.” आजी तेवढ्यात उठून चुलीकडे जाई.

तिची श्रद्धा डळमळली, असे मला दिसले नाही. योगेश्वरीचा दिवा चुकला नाही, एकादशी मोडली नाही. देवाशी भांडण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. दुष्काळात बायको आणि मूल गमावलेल्या तुकोबांचा आत्मशोध तिथूनच सुरू होतो. म्हणून मी बराच काळ तिच्यात ते भांडण शोधत राहिलो. सापडली ती एक बारीक गोष्ट. सर्वपित्रीला ती एक पान जास्त वाढी. कुणाचे म्हणून विचारले तर म्हणे, “ज्याचं कुणी नाही त्याचं.” असे पान वाढण्याची रीत पुष्कळ घरांत आहे, त्यामुळे यावरून काही सिद्ध होत नाही. आणि समजा ते त्या तिसऱ्यासाठीच असेल, तर ज्याला घरात घेतले नाही त्याला पितरांत घेण्याचा अधिकार तिला कोणी दिला, हेही कुणी विचारू शकेल. मी स्वतः ते विचारले आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर माळवदाखाली झोपायची लोकांना धास्ती बसली. आमचे घरही पुढच्या उन्हाळ्यात उतरवले. माती खाली घेतल्यावर बळदाची भिंत एका बाजूने उघडी पडली. गवंडी जेवायला गेले असताना मी आत जाऊन उभा राहिलो, मग बसलो, पाय पसरले. त्या वर्षी ‘नाइट’ अभ्यासक्रमात होते आणि हातात त्याची टिपणे होती.

तिघे मावले असते. चौघेही, कदाचित, गुडघे पोटाशी घेऊन. अर्थात भाद्रपदात ते किती भरलेले होते हे कोण सांगणार. त्या साली ज्वारी किती आली होती आणि आधीच्या धामधुमीत घरात किती उरली होती, याचा कागद नाही. अर्धे भरलेले असेल तर आजीचे वाक्य शब्दशः खरे ठरते. मी हिशेब करू लागलो, पायल्या आणि मण, भिंतीची उंची, तान्ह्या मुलासह बसलेल्या बाईला लागणारी जागा. गवंडी परत आले आणि त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितले.