टिकणं आणि धरणं

जगात माणसांच्या दोन जाती आहेत. एक वस्तू वापरणाऱ्यांची आणि दुसरी वस्तू टिकवणाऱ्यांची. मी जन्माने, कर्माने आणि पगाराने दुसऱ्या जातीचा. आमच्या घरात टीव्हीचा रिमोट आला की आधी त्याला प्लास्टिकची पिशवी चढते, मग टीव्ही लागतो. सोफ्यावर चादर आणि चादरीवर टॉवेल असतो. पाहुणे आले की टॉवेल काढायचा, फारच मोठे पाहुणे असले तर चादर. इतके मोठे पाहुणे अजून आमच्याकडे आलेले नाहीत, त्यामुळे सोफा कोणत्या रंगाचा आहे यावर घरात दोन मतं आहेत.

या टिकवण्याच्या शास्त्रातला माझा सर्वांत मोठा पराक्रम म्हणजे स्कूटरचे टायर. १९७४ साली नंबर लावलेली स्कूटर १९८२ साली हाती आली. आठ वर्षं वाट पाहून मिळालेली वस्तू माणूस वापरत नाही, सांभाळतो. दर दिवाळीला पुढचा टायर मागे, मागचा स्टेपनीला आणि स्टेपनी पुढे, अशा मी सरकारी खात्यासारख्या बदल्या करायचो. नक्षी पुसत आली की रिमोल्ड. रिमोल्डचीही नक्षी गेली की 'आता काय, हा महिना काढू' म्हणून आणखी दोन वर्षं. शेवटी टायरचा पार गोटा व्हायचा. एकदा पावसाळ्यात मी अलका टॉकीजच्या चौकात ब्रेक लावला. स्कूटर थांबली, नाही असं नाही. पण मी ठरवलेल्या जागी न थांबता ती एका गजरेवाल्याच्या पाटीपाशी थांबली. मागे बसलेल्या सौ.ला त्या दिवशी अचानक गजरे मिळाले. हवालदाराने टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, गोटा झालाय याचा." मी म्हटलं, "पण टिकलाय की नाही?"

१९८६ साली टायरचे भाव वाढणार अशी आवई उठली, तेव्हा मी एक नवाकोरा टायर घेऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकला. २००५ साली स्कूटर विकली. टायर विकला नाही. लागेल कधीतरी.

अशा घराण्यात आमचे चिरंजीव जन्मले, शिकले, कॅलिफोर्नियात सॅन होजेला नोकरीला लागले आणि तिथे त्यांना 'ट्रॅक डे' नावाचा नाद लागला. ट्रॅक डे म्हणजे काय, तर आपली गाडी घेऊन शर्यतीच्या रस्त्यावर जायचं, पैसे भरायचे आणि वीस-वीस मिनिटांच्या पाळीत ती मनसोक्त पळवायची. शर्यत नाही, पहिला नंबर नाही, ढाल नाही. जिथून निघायचं तिथेच परत यायचं. हे आम्ही पर्वती चढून फुकटात करतो.

गेल्या खेपेला आम्ही त्याच्याकडे गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी मी गॅरेजची पाहणी केली. आत एक छोटी, दोन माणसांची, टप उघडणारी जपानी गाडी होती. तिला चाकं चार. भिंतीला लावलेले टायर मोजले, ते बारा. मी विचारलं, "अरे, एका गाडीला सोळा टायर?"

"बाबा, ते वेगवेगळे आहेत. काही टिकतात, काही धरतात."

"टिकणारे आणि धरणारे, दोन्ही एकात मिळत नाहीत?"

"तेच तर शोधतोय गेली दहा वर्षं," चिरंजीव म्हणाले. मुलाला संशोधनाची आवड आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्याने मला टायरच्या अंगावरचे आकडे वाचायला शिकवले. अमेरिकेत मोटारीच्या टायरवर त्याच्या झिजेचा एक आकडा छापलेला असतो, त्याला ट्रेडवेअर म्हणतात. त्याची परीक्षा टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळ होते. सुमारे ६४० किलोमीटरचा ठरलेला रस्ता, त्यावरून एकूण ७,२०० मैल, म्हणजे आपले साधारण ११,६०० किलोमीटर गाड्या फिरवायच्या आणि नमुन्याच्या टायरशी झीज ताडून पाहायची. नमुन्याला १०० धरलं तर दुप्पट टिकणाऱ्याला २००, पाचपट टिकणाऱ्याला ५००. रोजच्या वापराच्या टायरवर ५०० किंवा त्याहून जास्त आकडा सर्रास दिसतो. ही पद्धत मला फार आवडली. मग चिरंजीवांनी हळूच सांगितलं की शेवटचा आकडा कंपनी स्वतःच देते. म्हणजे विद्यार्थ्याने प्रगतिपुस्तक स्वतः भरून सहीसाठी आणायचं! त्यामुळे एकाच २०० आकड्याचे दोन टायर सख्खे भाऊ असतीलच असं नाही. माझ्या दोन सख्ख्या भावांकडे पाहून मला हे लगेच पटलं.

आता या बारा-सोळा मंडळींची ओळख करून देतो. पहिले ५०० वाले. हे आमच्यासारखे. रस्त्यावर वर्षानुवर्षं चालतील, पाऊसपाण्यात बरे, कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. पण शर्यतीच्या रस्त्यावर नेले की दोन फेऱ्यांत तापतात, लोण्यासारखे घसरू लागतात आणि कडेच्या नक्षीचे तुकडे उडतात. एक गुण मात्र त्यांच्यात आहे. सुटण्याआधी ते भरपूर आरडाओरडा करतात, म्हणून शिकाऊ माणसाने यांच्यावरच शिकावं म्हणतात. दुसरे २०० वाले. ट्रॅक डेला जाणारी बहुतेक मंडळी यांच्यावर. घरून यांच्यावरच जायचं, दिवसभर पळायचं आणि यांच्यावरच घरी यायचं. तिसरे १०० किंवा त्याहून कमीवाले. यांना नक्षी नावापुरती, मुंजीतल्या शेंडीसारखी. पावसाच्या साचलेल्या पाण्यात यांचा भरवसा नाही. कोपऱ्यात चौथा एक प्रकार होता. त्याला नक्षीच नव्हती. काळा, गुळगुळीत, तुळतुळीत.

"याचा गोटा झालाय," मी अनुभवाने म्हटलं.

"नाही बाबा, तो असाच येतो. त्याला स्लिक म्हणतात. तो सगळ्यांत महाग."

मी मटकन एका टायरवर बसलो. जो टायर व्हायला मला सात-सात वर्षं लागत होती आणि ज्याबद्दल मी दंड भरला, तो हा मुलगा कोरा असताना विकत घेतो!

पण गोट्या-गोट्यांत फरक असतो म्हणे. कोरड्या रस्त्यावर पकड नक्षीत नसते, रबराच्या मऊपणात असते. नक्षी असते पाणी बाजूला सारायला. डांबर आपल्याला सपाट दिसतं, पण बारकाईने पाहिलं तर ते खडबडीत असतं. मऊ रबर त्या बारीक खाचांत शिरतं, चिकटतं आणि तिथून निघताना स्वतःचा थोडा अंश मागे ठेवून येतं. कडक रबर नुसतं उंचवट्यांवरून सरकत जातं. ते झिजत नाही, कारण ते कशाला धरतच नाही. माझ्या स्कूटरचा गोटा आणि हा गोटा दिसायला सारखे, पण माझा म्हातारपणाने झालेला होता, कडक आणि कोडगा. शिवाय या चिकट मंडळींना ऊब लागते. पहिल्या फेरीत थंड असताना त्यांच्यावर विसंबायचं नसतं, आणि फार तापले तरी बिघडतात. तापणं, थंड होणं, पुन्हा तापणं, अशी प्रत्येक पाळी त्यांना थोडं थोडं कडक करत जाते. नक्षी शिल्लक असते, पण मन उडालेलं असतं. ऑफिसात अशी माणसं मी पाहिली आहेत.

मी म्हटलं, "म्हणजे हा निव्वळ पैशाचा धूर." त्यावर चिरंजीवांनी कपाटातून एक वही काढली. ती पाहून मला भरून आलं. प्रत्येक टायरची तारीख, किंमत, किती पाळ्या, थंड असताना हवा किती, तापल्यावर किती, नक्षी किती मिलिमीटर उरली, फेरीला वेळ किती, सगळं रकाने आखून! माझी स्कूटरच्या पेट्रोलची वही अशीच होती. मला वाटत होतं, हा मुलगा आईवर गेलाय.

आम्ही दोघं हिशेबाला बसलो. हँकूकचा आरएस-४ आणि ब्रिजस्टोनचा आरई-७१आरएस. आकडा दोघांचाही २००. पहिला संथ पण चिवट. चिरंजीवांकडे तो आठ दिवस चालला. दुसरा धरण्यात पटाईत. चार दिवसांत त्याने राम म्हटला. एका दिवसात वीस मिनिटांच्या चार पाळ्या. रुपयांत पहिला संच साधारण ६०,०००, दुसरा ७०,०००. भागाकार केला. पहिला मिनिटाला ९४ रुपये, दुसरा मिनिटाला २१९. आणि दुसऱ्याने एका फेरीत वाचतो किती वेळ? दीड सेकंद.

"दीड सेकंदासाठी मिनिटाला सव्वाशे रुपये जादा?" मी विचारलं. "त्या दीड सेकंदाचं तू करतोस काय?"

चिरंजीव हसले. म्हणाले, "बाबा, या वेळी तुम्ही चला. दर वेळी 'पुढच्या खेपेला' म्हणता."

हे खरं होतं. याआधीच्या चार खेपांना मी हेच म्हटलं होतं. सौ. म्हणाली, "अहो, तुमचं वय काय!" आणि हे ऐकल्याबरोबर मी हो म्हटलं.

मॉन्टेरेजवळ लगुना सेका नावाचा शर्यतीचा रस्ता आहे. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ कोरडं तळं. १९५७ साली सुरू झालेला, ३.६ किलोमीटर लांब, अकरा वळणांचा. फिरायचं घड्याळाच्या उलट दिशेने, त्यामुळे डावी वळणं जास्त आणि झीज उजव्या टायरांची. म्हणून चिरंजीव मधूनमधून उजवे टायर डावीकडे आणि डावे उजवीकडे करतात. दिवाळीतल्या बदल्यांची परंपरा सातासमुद्रापार चालू आहे हे पाहून मी कृतार्थ झालो.

डोक्यावर हेल्मेट चढवून, मेलो तर तक्रार नाही अशा अर्थाच्या कागदावर सही करून मी शेजारी बसलो. आठवं वळण कॉर्कस्क्रू नावाचं आहे. तिथे चढावर रस्ता एकदम संपतो आणि समोर नुसतं आकाश दिसतं. पलीकडे डावीकडे आणि लगेच उजवीकडे वळत रस्ता सुमारे १८ मीटर खाली कोसळतो, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीच्या जिन्यावरून गाडी उतरवावी तसा. मला अलका टॉकीजचा चौक आठवला. मी डोळे मिटले आणि गजऱ्याच्या पाटीची वाट पाहू लागलो.

पण गाडी घसरलीच नाही. एकेक टायर जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर टेकलेला असतो, आणि त्या चार तळहातांनी आम्हा दोघांना त्या उतारावर घट्ट धरून ठेवलं होतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अरे, जोरात!"

चिरंजीवांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. लहानपणी तो स्कूटरवर माझ्यापुढे उभा राहायचा, हँडल धरून. लकडी पूल आला की रोज ओरडायचा, "बाबा, जोरात!" आणि मी रोज सांगायचो, "टायर झिजतात."

पाळी संपल्यावर मी वाकून टायरला हात लावला. गरम होता, आणि पाक झालेल्या गुळासारखा चिकट. त्याला बारीक खडे चिकटले होते.

घरी आल्यावर गॅरेजमध्ये वरच्या फळीवर मला चार कोरे टायर दिसले. त्यांच्यावरची बारकी रबरी मुसळंसुद्धा शाबूत होती. चिरंजीव जरा ओशाळले. "सेलमध्ये एकदम दोन संच घेतले होते. एक वापरला, एक चांगल्या दिवसासाठी ठेवला." टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि साल. यावर होतं १४१६. २०१६ सालचा चौदावा आठवडा. मी नखाने दाबून पाहिलं. नख वाकलं, टायर नाही.

"हे गेले बाबा. ठेवून ठेवून रबर कडक होतं."

"पण एकदाही वापरले नाहीत!"

"वापरले असते तर निदान वापरून गेले असते."

यावर मला बोलण्यासारखं काही नव्हतं. शिवाय मुलगा नक्की कुणावर गेलाय हे आता पक्कं झालं होतं.

पुण्याला परतल्यावर मी स्टूल घेऊन माळ्यावर चढलो आणि १९८६चा टायर खाली काढला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेला. त्याने नक्षी पाहिली, टिचकी मारली, कान लावला. "काका, माल एक नंबर आहे. पण दगड झालाय." मग थोडा विचार करून म्हणाला, "बाहेर पाटी म्हणून लावू का?" आता तो टायर त्याच्या दुकानासमोर पांढरा रंग लावून, 'पंक्चर' असं लिहून उभा आहे. उत्तम टिकलाय. काही धरायचं नाही म्हटल्यावर आणखी शंभर वर्षं टिकेल.

घरी आलो, सोफ्यावरचा टॉवेल काढला, चादर काढली आणि बसलो. सौ. चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, कोण येणार आहे?"

"कोणी नाही. बस."

ती बसली. बराच वेळ बसल्या जागेवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी म्हणत नव्हते? निळाच होता."