एक किलोमीटर, दोन सत्ता

लंडनला गेल्यावर आपण काय करतो? बकिंगहॅम पॅलेससमोर फोटो, लंडन आयवर एक चक्कर आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवर शॉपिंग. सगळं करा, बिनधास्त करा! पण आठवड्यातली एक सकाळ व्हाइटहॉलसाठी राखून ठेवा. ट्रॅफल्गर स्क्वेअर ते पार्लमेंट स्क्वेअर, जेमतेम एक किलोमीटरचा रस्ता. तिकीट शून्य पाउंड! आणि या एवढ्याशा रस्त्यावर एकच भांडण चारशे वर्षं चाललंय... राज्य कुणाचं, सरकारचं की संसदेचं?

सुरुवात घोड्यावरच्या पुतळ्यापासून करा. हा पहिला चार्ल्स. 1629 मध्ये संसद गुंडाळून या महाशयांनी 11 वर्षं एकट्याने कारभार केला. 1642 मध्ये तर पाच खासदारांना पकडायला सैनिक घेऊन थेट कॉमन्स सभागृहात घुसले. पाचही जण आधीच पसार! मग यादवी युद्ध झालं. पुतळ्यापासून थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला बँक्वेटिंग हाउस लागतं. 30 जानेवारी 1649 ला याच इमारतीबाहेर राजाचं डोकं उडवलं गेलं. आजही अधिवेशनाच्या उद्घाटनाला राजाचं बोलावणं घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याच्या तोंडावर कॉमन्सचं दार आधी धाडकन बंद करतात. त्याने ठोठावलं की मगच उघडतात.

राजाचं डोकं गेलं, पण त्याचे अधिकार? त्यातले बरेचसे हळूहळू उजव्या हाताच्या गल्लीत राहायला आले. हीच डाउनिंग स्ट्रीट. युद्ध, तह, संसदेचं सत्र संपवणं, सगळं राजाच्या नावाने आणि पंतप्रधानांच्या सल्ल्याने. गंमत अशी की पंतप्रधान संसदेतल्या बहुमतातूनच येतात. म्हणजे ज्याच्यावर लक्ष ठेवायचं, त्याच्याच हातात पक्षाचा व्हिप!

ही गाठ सोडवायचे प्रयत्न अधूनमधून होतात. 2010 पासून संसदीय समित्यांचे बहुतेक अध्यक्ष खासदारच गुप्त मतदानाने निवडतात. 2013 मध्ये सीरियावरच्या कारवाईचा प्रस्ताव कॉमन्सने 285 विरुद्ध 272 मतांनी फेटाळला आणि सरकारने मुकाट्याने ऐकलं. 2011 च्या कायद्याने मनात येईल तेव्हा निवडणूक घ्यायचा पंतप्रधानांचा अधिकार काढून घेतला. 2022 मध्ये तोच कायदा रद्द झाला. एक पाऊल पुढे, एक मागे.

आता पार्लमेंट स्क्वेअर. 2015 पासून इथे आपले गांधीजीही उभे आहेत. समोर संसदेच्या आवारात क्रॉमवेलचा पुतळा. राजाविरुद्ध संसदेकडून लढलेला हा माणूस 1653 मध्ये सैनिक आणून स्वतःच संसद बरखास्त करून बसला! खुर्ची कुणाचीही असो, मोह सारखाच.

चौकाच्या पश्चिमेची देखणी इमारत म्हणजे सुप्रीम कोर्ट. ब्रिटनचे सर्वोच्च न्यायाधीश पूर्वी हाउस ऑफ लॉर्ड्समध्येच बसायचे. 2005 च्या घटनासुधारणा कायद्याने त्यांचं घर वेगळं झालं आणि 2009 पासून ते इथे आले. अंतर फक्त रस्ता ओलांडण्याइतकं. पण 2019 मध्ये त्या अंतराची किंमत कळली. ब्रेक्झिट तोंडावर असताना बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्याने संसद पाच आठवडे बंद झाली. 24 सप्टेंबरला 11 न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की हे बेकायदा आहे. दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं! एका वहीत लिहिलेली राज्यघटना नसलेल्या देशात हे घडलं, हे विशेष.

त्याच महिन्यात जॉन्सन यांच्या पक्षाच्या 21 खासदारांनी सरकारविरुद्ध मत दिलं. पक्षाने त्यांना बाहेर काढलं, खासदारकी मात्र शाबूत राहिली. आपल्याकडे 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप मोडणाऱ्याची खासदारकीच जाऊ शकते. आमदारांची पळवापळवी थांबावी म्हणून आणलेला हा कायदा. पळवापळवी थांबली का, हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला काय सांगायचं? पण स्वतःच्या सरकारला ‘नाही’ म्हणणारा खासदार मात्र दुर्मिळ झाला.

अधिवेशन चालू असेल तर गॅलरीत नक्की जा. प्रवेश फुकट, विमानतळासारखी तपासणी, रांगेची तयारी ठेवा. बुधवारी दुपारी 12 ला पंतप्रधानांना प्रश्न विचारतात, तेव्हा गर्दी जास्त. सभागृह बघून पहिला विचार आला तो ‘एवढंसंच?’ खासदार 650, पण सगळ्यांना बसायला जागाच नाही. मतदान म्हणजे बटण नाही, ‘हो’ आणि ‘नाही’च्या वेगवेगळ्या लॉबीतून स्वतः चालत जायचं. मंत्रीही त्याच लॉबीतून जातात, आणि साधा खासदार तिथे मंत्र्याची बाही धरून काम सांगू शकतो.

मला हीच गोष्ट सगळ्यात आवडली. सरकारला जाब विचारायचा तर आधी ते हाताच्या अंतरावर असावं लागतं. पुढच्या वेळी दिल्लीला गेलात तर आपल्या संसदेचा पासही काढा, आणि कोण कुणाला प्रश्न विचारतंय ते नीट बघा!