ओढ्याला दिलेले गुण

पाण्यातले किडे, गोगलगाई, जळवा पाहून ओढ्याच्या स्वच्छतेला गुण द्यायचे, तर सगळ्या जगाला एकच तक्ता पुरतो, असं मी कितीतरी वर्षं ठामपणे मानत होते. वर्गात तेच शिकवत होते, परिसंवादांत तेच मांडत होते. आज मी तसं मानत नाही. माझ्याकडून तो तक्ता शिकून गेलेली मुलं आज वेगवेगळ्या नद्यांवर काम करत आहेत. निदान त्यांच्यासाठी तरी, मत का बदललं ते लिहायला हवं.

जुन्या मताला भक्कम आधार होता, आणि त्यातला बराचसा मला अजूनही पटतो. बाटलीत भरलेलं लिटरभर पाणी फक्त त्या क्षणाचं असतं. मध्यरात्री कोणी टँकर ओढ्यात रिकामा केला, तर दुसऱ्या दिवशी दुपारी भरलेल्या बाटलीत त्याचा मागमूसही नसतो. पण मेफ्लायची पिल्लं आठवडे, महिने त्याच दगडाखाली काढतात. विषारी पाणी येऊन गेलं की ती मरतात किंवा वाहून जातात, आणि त्यांची रिकामी जागा पुढे बरेच दिवस दिसत राहते. खर्च म्हणाल तर एक जाळी, एक पांढरा ट्रे, चिमटा आणि भिंग. तालुक्याच्या कॉलेजलाही परवडेल असं हे शास्त्र आहे, आणि याच कारणाने मी त्याच्या प्रेमात पडले.

तक्ता होता ब्रिटनचा. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या बायॉलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी या गटाने तो तयार केला. प्रत्येक कुलाला 1 ते 10 गुण. भरपूर प्राणवायू लागणाऱ्या पर्लिडी कुलातल्या स्टोनफ्लायला 10, बीटिडी कुलातल्या मेफ्लायला 4, कायरोनोमिडी कुलातल्या अळ्यांना 2, ट्युबिफेक्ससारख्या गांडुळवर्गीय कृमींना 1. सापडलेल्या कुलांच्या गुणांची बेरीज केली की ओढ्याची प्रत कळते. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही याच धर्तीवर जैविक निकष बेतले आणि त्यात वैविध्याचा वेगळा निर्देशांक जोडला. जगभर एकच मोजपट्टी असली की तुलना करता येते, हा माझा मुख्य मुद्दा असायचा.

पहिला तडा गेला तो एका चतुरामुळे. ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा हा नारंगी चतुर आपल्याकडे सगळीकडे दिसतो. इंग्रजीत त्याला डिच ज्वेल म्हणतात, कारण तो गटारांच्या, घाणेरड्या तळ्यांच्या काठी खुशाल राहतो. त्याचं कुल लिबेल्युलिडी, आणि ब्रिटिश तक्त्यात या कुलाला 8 गुण. शहराबाहेरच्या, सांडपाणी मिळालेल्या एका ओढ्यात त्याची पिल्लं आमच्या ट्रेमध्ये आली आणि विद्यार्थ्यांनी तक्ता पाहून बिनदिक्कत आठाचा आकडा लिहिला. पाण्याला वास येत होता. मी तेव्हा म्हणाले, एखादं कुल चुकतं, सरासरी बरोबर येते.

पण सरासरीही बरोबर येत नव्हती. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर एक ओढा आहे, ज्याच्या वरच्या अंगाला घर नाही, शेत नाही, नुसतं रान आहे. डिसेंबरात तिथे खळाळत्या पाण्यातला दगड उचलावा तर खाली पर्लिडी, हेप्टाजेनिडी, जाळं विणणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या. गुणच गुण. त्याच ओढ्यावर मे महिन्यात गेलं की वाहतं पाणी संपलेलं असतं, चार डबकी उरलेली असतात. त्यांत पडलेली पानं कुजतात, पाणी तापतं. 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. अशा डबक्यात कोण टिकणार? वर येऊन हवा घेणारे भुंगे आणि ढेकूणवर्गीय पाणकिडे, डासांच्या अळ्या, काही गोगलगाई, आणि रक्तात हिमोग्लोबिन असलेल्या कायरोनोमिडच्या लाल अळ्या. तक्ता म्हणणार, ओढा दूषित. जुलैत पुराने तळ ढवळून काढलेला असतो, ट्रेमध्ये जवळपास काहीच येत नाही. तक्ता पुन्हा म्हणणार, दूषित. त्या ओढ्याचं पाणी कोणी घाण केलेलं नव्हतं. आधी तिथे उन्हाळा आला होता, मग पावसाळा.

यातला धोका माझ्या लक्षात यायला वेळ लागला. दर मे महिन्यात ज्या ओढ्यावर ‘दूषित’ असा शेरा पडतो, त्यात एखाद्या मे महिन्यात खरोखरच सांडपाणी सोडलं गेलं तर शेरा तोच राहतो. खाडा पडतो तो नेमका पाणी सर्वांत कमी असताना, जेव्हा थोडीशी घाणही जास्त मारक ठरते.

तक्त्यात जे नाहीत त्यांचा प्रश्न आणखी वेगळा. एका वाडीवर आम्ही जाळी धुवत असताना एका मावशींनी विचारलं, “बाई, खेकडं मोजत न्हाई व्हय तुम्ही? पाणी नासलं की आधी तेच जात्यात.” आमच्या वह्यांत खेकड्यांना रकानाच नव्हता. सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यातले खेकडे, थायरिडी कुलातल्या लांबट शंखांच्या गोगलगाई, अ‍ॅटिडी कुलातले बारीक झिंगे, युफीइडी कुलातल्या टाचण्या, यांतलं काहीच त्या तक्त्यात नाही. म्हणजे आमच्या ओढ्यातला अर्धा संसार शून्य गुणांचा. उलट ब्रिटनमध्ये स्टोनफ्लायची सात कुलं आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना 10 गुण. आमच्या जाळीत बहुधा एकटी पर्लिडी येते. आमचा निर्मळ ओढाही बेरजेत मागे पडणार, हे आधीच ठरलेलं.

मला पूर्णपणे वळवलं ते मात्र रसायनशास्त्राने. पाण्यातला सेंद्रिय मळ मोजण्याची बीओडी चाचणी इंग्लंडमध्ये रुळली ती 20 अंशांवर पाच दिवस ठेवण्याच्या पद्धतीने. भारतीय मानकात ती 27 अंशांवर तीन दिवस करतात, कारण आपलं हवामान उष्ण आहे आणि इथल्या पाण्यात जिवाणू जलद काम करतात. बाटलीतल्या जिवाणूंसाठी आपण हवामानाचा विचार केला. मग दगडाखालच्या किड्यांसाठी का नको? हा प्रश्न मनात आला त्यानंतर मला जुनी बाजू मांडता येईना.

आणि खुद्द ब्रिटिश लोक नुसत्या बेरजेवर थांबले नव्हते. फ्रेशवॉटर बायॉलॉजिकल असोसिएशनमध्ये 1977 साली सुरू झालेल्या कामातून रिव्हपॅक्स ही पद्धत पुढे आली. नदीची रुंदी, उतार, तळ, उंची पाहून, इथे बिघाड नसता तर काय सापडलं असतं याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्षाशी ताडून बघायचा. थायलंडमध्ये पिंग नदीच्या खोऱ्यात काम करून गुण तिथल्या जलचरांनुसार बदलले गेले. कोलंबिया आणि कोस्टा रिकाने आपापली रूपं केली, दक्षिण आफ्रिकेने स्वतःचा निर्देशांक घडवला, हिंदुकुश-हिमालयाच्या नद्यांसाठीही वेगळा तयार झाला. तुलना होते ती प्रत्येक ओढा स्वतःच्या निरोगी रूपापासून किती ढळला याची. माझा मुख्य मुद्दा असा दुसऱ्याच वाटेने शाबूत राहिला.

म्हणून आता माझं म्हणणं असं आहे, की सह्याद्रीला स्वतःचे संदर्भ-ओढे हवेत. कोकणातले वेगळे, घाटमाथ्यावरचे वेगळे, बारमाही वेगळे, आटणारे वेगळे. सुरुवात देवरायांतून करावी. बऱ्याच देवरायांत आजही झरा किंवा ओढा आहे आणि वरचं रान शाबूत आहे. पाऊस ओसरल्यावर, थंडीत आणि उन्हाळ्यात नोंद व्हावी. बीटिडी आणि कायरोनोमिडी ही कुलं तरी प्रजातीपर्यंत ओळखायला शिकावं, कारण उष्ण प्रदेशांत एकाच कुलात नाजूक आणि काटक असे दोन्ही जीव असतात. खेकड्यांना रकाना हवाच. आणि एक गोष्ट मी प्रत्येक गावात सांगते: चांगले किडे सापडले म्हणजे पाणी पिण्याजोगं असं नव्हे. गुरांच्या शेणातले जिवाणू स्टोनफ्लायला काही करत नाहीत, लेकरांना मात्र आजारी पाडतात. त्यासाठी जिवाणूंची तपासणी वेगळी करावीच लागते.

अहवाल मागणाऱ्यांना हे आवडत नाही. त्यांना एक आकडा हवा असतो. मी आता सापडलेल्या जिवांची यादी, महिना, पाण्याचा वेग आणि त्याच महिन्यातली जवळच्या निरोगी ओढ्याची यादी शेजारी शेजारी देते. मध्यंतरी एका बैठकीत मला विचारलं गेलं, “मॅडम, एवढं सगळं ठीक, पण पाणी चांगलं की वाईट?” मी सांगितलं, याच महिन्यात देवराईतल्या ओढ्यात जे सापडतं त्यातलं निम्मं इथे नाही, आणि ते नाहीसं होतं रिसॉर्टचं सांडपाणी मिळतं त्या जागेपासून खाली.