पॅनेल गेलं, आता सुट्टी घ्या

भोपाळच्या सर्व शिक्षक-शिक्षिकांना,



तपासणी पार पडली, तुमचं अभिनंदन. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली, समोसे आले, कुणीतरी ‘हो गया भई, हो गया’ म्हणत खुर्चीत अंग टाकलं आणि पंधरा दिवस ताणलेले चेहरे एकदम सैल झाले. केंद्रीय विद्यालयात पॅनेल येतं, खासगी शाळेत सीबीएसईची समिती येते, सरकारी शाळेत जनशिक्षक, बीआरसी किंवा थेट राज्य शिक्षा केंद्राचा माणूस येतो. येणारा कुणीही असो, तो गेल्यावर जीव भांड्यात पडतो तो सगळ्यांचा सारखाच. त्यात डिसेंबर अखेरीला आलेला. केंद्रीय विद्यालयांना नाताळाला जोडून सुट्टी, सरकारी शाळांना वर्ष सरताना चार-पाच दिवसांची. तुमच्यातल्या मराठी घरांतून पुण्या-नागपूरच्या गाड्यांची तिकिटं काढून झाली असतील. मला तुमच्या या सुटकेबद्दलच बोलायचं आहे, कारण तिच्याकडे कुणी नीट पाहत नाही. आपण ती हसण्यावारी नेतो.

माझी वहिनी तुमच्यातलीच. इथल्या एका शाळेत ती पाचवी-सहावीला गणित शिकवते. तपासणीआधीचे दिवस मी तिच्या जेवणाच्या टेबलावर पाहिले आहेत. एका कडेला वह्यांची चळत, दुसऱ्या कडेला टीचर्स डायरी. डायरीत रकाने: उद्दिष्ट, शैक्षणिक साहित्य, कृती, मूल्यमापन, गृहपाठ. जे तास घेऊन झाले त्यांचेही रकाने भरायचे राहिलेले. प्रत्येक वहीत प्रत्येक पानावर सही हवी, सहीखाली तारीख हवी, मुलाने केलेली दुरुस्ती परत तपासल्याची खूण हवी. रात्री साडेअकराला ती लाल पेनाने सह्या करत होती आणि शेजारी तिचा मुलगा फळ्यावर लावायच्या तक्त्याला लाल कागदाची किनार चिकटवत होता. आधीचा तक्ता चांगला होता, मुलांनीच केलेला. पण तो जून महिन्याचा, म्हणून काढला.

त्याच दिवसांत तिच्या वर्गात अपूर्णांक चालू होते. एका मुलाने विचारलं, “मैडम, चार तो तीन से बड़ा है ना? फिर एक बटा चार छोटा कैसे?” गणित शिकवणाऱ्याला असा प्रश्न मिळणं म्हणजे सोनं. मूल कुठे अडलं आहे ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. एक भाकरी घेऊन तिचे तीन आणि चार वाटे करून दाखवायला दहा मिनिटं लागतात, मग पुढचे पंधरा दिवस वर्गात सगळ्यांना वाटे करू द्यायचे असतात. वहिनीने त्याला ‘उद्या बघू’ म्हटलं, कारण त्या तासाला वह्या गोळा करायच्या होत्या. तपासणीच्या दिवशी साहेब तिच्या वर्गात आले, काही मिनिटं थांबले, चार वह्या उलटल्या, एका वहीत सही नसलेलं पान सापडलं. शेरा आला: ‘कॉपी चेकिंग में नियमितता अपेक्षित’. त्या मुलाचं एक चतुर्थांश तिथेच राहिलं.

साहेबांना मी दोष देत नाही. त्यांच्याही हातात प्रपत्र होतं आणि त्याचे रकाने त्यांना संध्याकाळपर्यंत भरून वर पाठवायचे होते. पण ही शाळा एकटी नाही, आणि हे फक्त माझं म्हणणंही नाही. आपल्याच मध्य प्रदेशात याचा फार मोठा पुरावा तयार झालेला आहे. तुमच्यापैकी अनेकांनी त्यात काम केलं असेल, पण त्याचा निकाल तुम्हाला बसवून कुणी सांगितला असेल असं वाटत नाही.

‘शाला सिद्धि – हमारी शाला ऐसी हो’ ही योजना आठवत असेलच. ब्रिटनमधल्या आर्क या संस्थेच्या मदतीने ती राज्यात आली. शाळेचं सर्वांगीण मूल्यांकन करायचं, श्रेणी द्यायची, त्या शाळेपुरता सुधारणेचा आराखडा करायचा आणि पाठपुरावा करायचा, अशी तिची रचना होती. कागदावर तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा प्रयोग म्हणून अभ्यास केला. चिठ्ठी टाकून निवडाव्यात तशा १,७७४ शाळा घेतल्या, तिथे योजना राबवली गेली आणि ती नसलेल्या शाळांशी तुलना झाली. २०२० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. मूल्यांकनं जवळजवळ सगळ्या शाळांत पूर्ण झाली होती. श्रेण्याही खोट्या नव्हत्या, कुठली शाळा बरी आणि कुठली मागे हे त्यांतून खरंच कळत होतं. मात्र शाळेच्या कारभारात फरक पडला नाही आणि मुलांच्या शिकण्यातही नाही. अधिकाऱ्यांशी सविस्तर बोलल्यावर या अभ्यासकांना दिसलं की प्रत्यक्षात वाढलं ते अहवाल आणि कागदपत्रांचं काम. तरीही सगळे रकाने भरलेले असल्यामुळे योजना यशस्वी मानली गेली आणि देशातल्या सहा लाखांहून अधिक शाळांपर्यंत नेली गेली.

हे वाचल्यावर मी वहिनीच्या टेबलाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. ज्याला आपण तिची शिस्त किंवा बेशिस्त म्हणत होतो, तो एका मोठ्या यंत्रणेने तिच्याकडून करून घेतलेला लेखनिकपणा होता. तुम्ही आळशी नाही आहात. तुमचे सगळे रकाने भरलेले आहेत. पण रकाना भरल्याने मूल शिकत नाही, हे याच राज्यात आकड्यांनिशी सिद्ध होऊन पडलं आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती लपवून पत्र लिहिणं बरोबर होणार नाही. २००३ मध्ये देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना न कळवता भेटी दिल्या गेल्या तेव्हा साधारण चौथा हिस्सा शिक्षक शाळेत नव्हते. रजा आणि सरकारी कामं त्यात धरलेली आहेत, तरी आकडा मोठाच. त्या अभ्यासातही मुरलीधरन होते. २०१० मध्ये ग्रामीण भागात पुन्हा पाहणी झाली, तेव्हा जिथे तपासणीसाठी माणसं वारंवार येत होती तिथे गैरहजेरी कमी दिसली. म्हणजे शाळेत कुणी यावं, पाहावं, याला अर्थ आहे. कुणीच फिरकत नाही अशा शाळेतली मुलं वाऱ्यावर असतात, आणि तुमच्यातल्या कष्टाळू शिक्षकाला हे सर्वांत जास्त खुपतं, कारण शेजारच्या रिकाम्या वर्गाची मुलंही त्यालाच सांभाळावी लागतात. १ जुलै २०२५ पासून ‘हमारे शिक्षक’ अ‍ॅपवर हजेरी लावायची सक्ती झाली ती याच कारणाने. शिक्षक हजर असणं ही पहिली पायरी आहे, हे मला मान्य आहे. पण हजर शिक्षकाला दिवसभर कशात गुंतवायचं, हे ते अ‍ॅप सांगत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून इतर कामं तुम्हाला देऊ नका म्हणतं, आणि २०२५ च्या हिवाळ्यात मतदार याद्यांच्या पुनरीक्षणासाठी तुमच्यापैकी कितीजण बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून दारोदार फिरत होते, हे भोपाळच्या प्रत्येक मोहल्ल्याने पाहिलं आहे. कायद्याने ते चालतं. वर्ग मात्र तेवढे दिवस ओस पडतो.

दडपण एका मर्यादेपलीकडे गेलं की काय होतं, हेही जगाने पाहिलं आहे. इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात रूथ पेरी या मुख्याध्यापिकेने जानेवारी २०२३ मध्ये आत्महत्या केली. त्यांच्या शाळेला ऑफस्टेड या तिथल्या शाळा-तपासणी यंत्रणेच्या तपासणीत सर्वांत खालची श्रेणी मिळणार होती. तपासणीचा या मृत्यूला हातभार लागला, असा निष्कर्ष चौकशी अधिकाऱ्याने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काढला. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने शाळेवर एका शब्दाचा एकूण शिक्का मारण्याची पद्धत बंद केली. तिथून आपण मूल्यांकनाच्या कल्पना घेतो, तर हाही धडा घ्यायला हवा.

आणि चांगलं उदाहरण शोधायला तर भोपाळपासून लांब जायला नको. होशंगाबाद, म्हणजे आताचं नर्मदापुरम, तुमच्यापासून दोनेक तासांवर. १९७२ मध्ये तिथल्या १६ शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पुढे १९८२ मध्ये त्यातून एकलव्य ही संस्था उभी राहिली, जिचं मुख्यालय आजही भोपाळमध्ये आहे आणि जिची ‘चकमक’ आणि ‘संदर्भ’ ही नियतकालिकं तुमच्या ग्रंथालयात असतील. कार्यक्रम वाढत हजाराच्या आसपास शाळांत गेला. त्यातल्या प्रयोगपेट्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मोलाची वाटते ती तिथली ‘अनुवर्तन’ नावाची रीत. शाळेत एक माणूस येई, बहुधा दुसऱ्या शाळेतला शिक्षकच. तो वर्गात बसे, प्रयोग करणाऱ्या टोळीत जाऊन बसे, कुठे मुलं अडतात आणि कुठे शिक्षकालाच उत्तर येत नाही ते टिपून घेई. महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांचे शिक्षक मासिक गोष्ठीसाठी जमत आणि त्या अडचणींवर बोलत. पाठ्यपुस्तक ‘बाल वैज्ञानिक’ अशा बोलण्यातून बदलत गेलं. ‘मला हे येत नाही’ असं बाहेरून आलेल्या माणसासमोर म्हणायची सोय त्या शिक्षकाला होती. तुमच्या पॅनेलसमोर ते म्हणून पाहा! २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट एका आदेशाने थांबली, आणि मला वाटतं या राज्याच्या शिक्षणाचं त्याहून मोठं नुकसान गेल्या पंचवीस वर्षांत झालेलं नाही.

वहिनीच्या वर्गात अनुवर्तनाचा माणूस आला असता तर तो त्या मुलाच्या शेजारी बसला असता. त्याने तिला विचारलं असतं, ‘याला तू कसं समजावणार आहेस?’ आणि तिच्याकडे उत्तर असतं. दहा वर्षं गणित शिकवलेल्या बाईकडे असणारच. ते उत्तर ऐकायला कुणी आलं नाही, हे मला सहीवाचून राहिलेल्या पानापेक्षा कितीतरी जास्त लागलं.

श्यामला हिल्सवरचं क्षेत्रीय शिक्षण संस्थान महाराष्ट्र, गोवा, गुजरात, छत्तीसगड या सगळ्यांना शिक्षक-प्रशिक्षण पुरवतं. तिथे येणारे महाराष्ट्रातले शिक्षक भेटले की त्यांच्या तोंडीही तेच ऐकतो. शब्द बदलतात, बीआरसीऐवजी केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी म्हणतात. घाई मात्र तीच, आणि साहेब गेल्यावरचा सुस्कारा तोच.

म्हणून तुमच्या सुटकेला कुणी ‘काम टळल्याचा आनंद’ म्हटलं तर ऐकून घेऊ नका. आपल्या कामापासून पंधरा दिवस दूर ठेवलेला माणूस परत कामावर जायला मोकळा झाल्याचा तो आनंद आहे. मी वहिनीत तो पाहिला. तपासणीनंतरच्या पहिल्या सकाळी ती डबा भरता भरता दोन जादा पोळ्या लाटत होती. मी विचारलं तर म्हणाली, “वाटे करायला हव्यात.”

सुट्टीत वह्या घरी नेऊ नका. डायरीचे जानेवारीचे रकाने आधी भरून ठेवू नका. झोपा, माहेरी जा, हुरडा खा, बडा तालाबच्या उन्हात बसा. पालकांनाही माझं सांगणं आहे: या दिवसांत वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बाईंना ‘होमवर्क क्या है’ असं विचारू नका.

जानेवारीत तपासणीचा अहवाल येईल आणि अनुपालनाचं उत्तर तुमच्याकडे मागितलं जाईल. तेव्हा ‘दुरुस्ती केली’ एवढंच लिहून थांबू नका. तुमच्या वर्गातल्या एका मुलाची एक अडचण तिथे लिहा, ती सोडवायला काय हवं आहे ते लिहा, आणि पुढच्या वेळी येणाऱ्यांनी निदान एक तास पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत वर्गात बसावं, अशी लेखी मागणी करा. एका शिक्षकाने केली तर ती फाइलीत जाईल. भोपाळच्या पन्नास शाळांनी केली तर राज्य शिक्षा केंद्राला उत्तर द्यावं लागेल.

तुमचा,
भोपाळमधला एक मराठी पालक